पिनकोड, पॅकेज आणि पाळीचा दुसरा दिवस

‘विमेन्स हॉर्मोन पॅनल’ची जाहिरात बघून तुमचं बोट ‘बुक नाऊ’कडे जाण्याआधी, पाच मिनिटं इकडे!

फोन हातात घेतला की आजकाल दोन गोष्टी हमखास समोर येतात, कपड्यांचा सेल आणि रक्ताची तपासणी. गंमत म्हणजे दोघांची भाषाही आता एकच झालीय. ‘फ्लॅट सत्तर टक्के ऑफ’, ‘ऑफर आज रात्रीपर्यंतच’, ‘मैत्रिणीसाठी दुसरं पॅकेज अर्ध्या किमतीत’. गुलाबी बॅकग्राउंडवर एक फ्रेश चेहऱ्याची मुलगी आणि तिच्या शेजारी प्रश्नांची यादी. केस गळतात? पिंपल्स येतात? चिडचिड होते? थकवा जाणवतो? वजन हलत नाही? आता तुम्हीच सांगा, सकाळी साडेआठची कॅब, दिवसभर एसी आणि रात्री अकराचा क्लायंट कॉल अशा आयुष्यात यातल्या एकाही प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारी मुलगी तुमच्या फ्लोअरवर आहे का?

थोडक्यात काय, जाहिरात सगळ्यांनाच फिट बसते.

तरी मी या सोयीच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकते. डॉक्टरची चिठ्ठी नको, रांग नको, रिसेप्शनवर दहा जणांसमोर ‘शेवटची पाळी कधी आली होती?’ असं खणखणीत आवाजात विचारणारी बाई नको. रविवारी सकाळी एक मुलगा दारात येतो, सुई टोचतो, संध्याकाळी मेलवर रिपोर्ट. लग्न न झालेली मुलगी गायनॅककडे गेली की ज्या नजरा तिच्याकडे वळतात, त्या ज्यांनी झेलल्यात त्यांना या प्रायव्हसीची किंमत वेगळी सांगायला नको. प्रश्न फक्त एवढाच आहे की आपण नेमकं काय विकत घेतोय?

मला या विषयात ओढलं ते माझ्या मामेबहिणीनं. ती मोरगावची. हो, तेच, अष्टविनायकातल्या पहिल्या गणपतीचं, कऱ्हेकाठचं, देवळासमोर शंकराचा नंदी बसलेलं मोरगाव. वय एकोणतीस, बारामतीत बँकेत नोकरी, रोजचं अप-डाउन. पाळी दर पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी. मामीचं म्हणणं, ‘लग्न झालं की सगळं लायनीवर येतं.’ एका स्थळाची बोलणी चालू होती आणि हिनं कुठंतरी एएमएच नावाच्या टेस्टबद्दल वाचलं होतं. एका रात्री व्हॉट्सअॅपवर चार पॅकेजचे स्क्रीनशॉट्स आले आणि खाली एक ओळ, ‘यातलं कुठलं घेऊ? आणि मला मूल होणार नाही असं आलं तर?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी बसले ते या दुसऱ्या प्रश्नामुळे.

जितक्या टेस्ट जास्त, तितकं पॅकेज भारी?

चारही पॅकेजेस एकमेकांशी भांडत होती ती आकड्यांवर. कुणाच्या बत्तीस टेस्ट, कुणाच्या चौसष्ट, एकाच्या तर ऐंशीच्या वर. थाळी अनलिमिटेड असली की आपण खूश होतो ना, तसंच. पण इथे हिशोब उलटा आहे.

रिपोर्टवर जी ‘नॉर्मल रेंज’ छापलेली असते ती बहुतेक वेळा अशी ठरते की निरोगी लोकांचे निकाल घ्यायचे, त्यातले मधले ९५ टक्के नॉर्मल म्हणायचे आणि दोन्ही टोकांचे मिळून ५ टक्के रेंजबाहेर. म्हणजे ठणठणीत माणसाचाही कुठलाही एक निकाल रेंजबाहेर जाण्याची शक्यता वीसात एक. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० टेस्ट केल्या तर निदान एक तरी लाल अक्षरात येण्याची शक्यता ६४ टक्के. ६० टेस्ट केल्या तर ९५ टक्के! प्रत्यक्षात बऱ्याच टेस्ट एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे आकडा थोडा खाली येईल, पण मुद्दा तोच. मोठ्या पॅकेजमध्ये काहीतरी लाल येणारच. मग गुगल, मग रात्रभर जागरण, मग आणखी टेस्ट.

शिवाय यादी फुगवण्यासाठी काय काय घातलेलं असतं! एलएच आणि एफएसएच या दोन टेस्ट आणि त्यांचा भागाकार ही तिसरी. फास्टिंग इन्शुलिन तर हल्ली फॅशनमध्येच आहे. पीसीओएसबद्दलची २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं मात्र रोजच्या उपचारात इन्शुलिन मोजू नका म्हणतात आणि एलएच-एफएसएचचा भागाकार निदानाच्या निकषांत कुठेच नाही.

उलट साधं हिमोग्लोबिन बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना अॅनिमिया निघाला. थकवा, केस गळणं, धाप लागणं, ही ‘हॉर्मोन’च्या जाहिरातीतली अर्धी यादी तिथेच निकालात निघू शकते. पण सीबीसी आणि फेरिटिन या नावांना ग्लॅमर नाही ना!

रक्त कधी दिलं, हेही विचारा

साखर तपासायला उपाशीपोटी जायचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हॉर्मोनचं घड्याळ मात्र महिन्याचं असतं, आणि ते पॅकेजच्या पानावर सहसा दिसत नाही. एफएसएच, एलएच आणि इस्ट्राडायॉल बघायचं तर पाळीच्या साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवशी. अंडं बाहेर पडलं की नाही हे प्रोजेस्टेरॉनवरून बघायचं तर पुढची पाळी येण्याच्या सुमारे सात दिवस आधी. २८ दिवसांचं चक्र असेल तर तो एकविसावा दिवस. माझ्या बहिणीसारखं पंचेचाळीस दिवसांचं चक्र असेल तर ‘डे ट्वेंटीवन’ला रक्त देऊन काय उपयोग? प्रोजेस्टेरॉन कमीच येणार आणि ‘ओव्हुलेशन होत नाही’ असं वाटून ती रडत बसणार. या दोन गोष्टी एकाच दिवशी, एकाच सुईत मोजता येत नाहीत. तरी बऱ्याच पॅकेजमध्ये त्या शेजारी शेजारी सुखानं नांदत असतात.

प्रोलॅक्टिनचे नखरे आणखी वेगळे. झोपेतून उठल्या उठल्या ते वाढलेलं असतं, धावपळीनं आणि ताणानं वाढतं, नुसत्या सुईच्या भीतीनंही वाढू शकतं. म्हणून उठल्यावर दोन-तीन तासांनी, जरा शांत बसून रक्त द्यावं. सकाळी सहाचा स्लॉट सगळ्यात पॉप्युलर आहे, तो या टेस्टसाठी सोडाच. आणि हो, अॅसिडिटीच्या ज्या गोळीत पँटोप्रॅझोलबरोबर डोमपेरिडोन असतं, ती गोळी प्रोलॅक्टिन चांगलंच वाढवते. ऑफिसातल्या किती ड्रॉवरमध्ये ही पाकिटं असतात ते एकदा बघा.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर बहुतेक हॉर्मोनचे आकडे गोळीचे असतात, तुमचे नाहीत. तपासण्यासाठी त्या थांबवायच्या की नाही, हे डॉक्टरला विचारूनच ठरवायचं. उगाच स्वतःच्या मनानं बंद केल्या आणि नको ते झालं, तर पुढची टेस्ट वेगळीच करावी लागेल!

एएमएच नावाचा बागुलबुवा

आता तो दुसरा प्रश्न. अंडाशयात अंड्यांचा साठा साधारण किती आहे, याचा अंदाज एएमएच देतं. आयव्हीएफ करताना किंवा अंडी गोठवताना इंजेक्शनचा डोस ठरवायला त्याचा उपयोग होतो. पण जाहिरातीत ते ‘तुमची फर्टिलिटी जाणून घ्या’ या टायटलखाली येतं, आणि खरी फसगत तिथे होते. २०१७ साली ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या, ३० ते ४४ वयाच्या ७५० बायका. एएमएच कमी असलेल्यांना दिवस राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आहे, असं त्यात दिसलं नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं स्पष्टच सांगितलं की वंध्यत्वाची तक्रार नसलेल्या बाईला ‘तुला मूल होईल का’ हे सांगण्यासाठी ही टेस्ट वापरू नका. अंडी किती, याचा तो अंदाज आहे. गर्भ राहायला महिन्याला एकच अंडं लागतं.

हे मी बहिणीला फोनवर सांगितलं. ती गप्प. मग म्हणाली, ‘पण मुलाकडच्यांनी मागितलं तर?’

खरं सांगू, मला राग आला. तिचा नाही. पूर्वी पत्रिका मागायचे, आता पीडीएफ मागणार! जे आकडे डॉक्टर या कामासाठी वापरत नाहीत, ते बघून लग्न ठरणार किंवा मोडणार असेल तर तो रिपोर्ट हातात नसलेलाच बरा. शनिवारी सकाळी मी सासवड-जेजुरीमार्गे मोरगाव गाठलं. नेमकी संकष्टी, त्यामुळे गाडी लावायला जागा मिळेपर्यंत अर्धा तास. पण सोमवारी आम्ही दोघी बारामतीत एका गायनॅककडे बसलो होतो.

त्या डॉक्टरबाईंनी रक्ताचं नाव काढायच्या आधी पंधरा मिनिटं नुसते प्रश्न विचारले. गेल्या वर्षात पाळी किती वेळा आली? कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत? आईला डायबेटीस आहे का? आणि हनुवटीकडे बघत, अगदी सहज, ‘थ्रेडिंग किती दिवसांनी करतेस?’ हा प्रश्न चारपैकी एकाही पॅकेजनं विचारला नव्हता.

मोठ्या बाईत पीसीओएसचं निदान तीनपैकी दोन गोष्टींवर होतं. पाळीची अनियमितता, पुरुषी हॉर्मोन वाढल्याची लक्षणं किंवा रक्तातला पुरावा, आणि अंडाशयाचं सोनोग्राफीतलं चित्र. २०२३ पासून सोनोग्राफीच्या ऐवजी एएमएचही चालतं. पण पहिल्या दोन गोष्टी स्पष्ट असतील तर तिसरीची गरजच नाही. फक्त तशीच लक्षणं दाखवणारे दुसरे आजार, म्हणजे थायरॉइड, वाढलेलं प्रोलॅक्टिन वगैरे, नाहीत ना हे बघायचं. माझ्या बहिणीचं अर्धं निदान तिच्या मोबाइलमधल्या कॅलेंडरनं केलं आणि अर्धं तिच्या पार्लरवालीला केव्हाच माहीत होतं.

चिठ्ठीवर मोजक्या तपासण्या होत्या. एएमएचचं नाव नव्हतं. प्रोलॅक्टिन पहिल्यांदा थोडं वर आलं. ‘अॅसिडिटीची गोळी घेतेस का?’ घेत होती, दोन महिने, बँकेच्या क्लोजिंगपासून. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती बंद करून पुन्हा तपासलं तर नॉर्मल. थायरॉइडही नॉर्मल. लक्षात राहण्यासारखी टेस्ट एकच निघाली. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं. ती दोन तासांनंतरची साखर रेंजच्या वर होती. उपाशीपोटीची अगदी व्यवस्थित. पीसीओएस असलेल्या बाईची साखर बघायला ही टेस्ट सगळ्यात भरवशाची मानतात, आणि आमच्या चार पॅकेजमध्ये ती कुठेच नव्हती. कशी असणार? घरी आलेला मुलगा दोन तास तुमच्या सोफ्यावर बसून थोडाच राहणार आहे!

मामीनं विचारलं, ‘म्हणजे मूल होईल ना?’ डॉक्टरांचं उत्तर होतं की पीसीओएस असलेल्या बहुतेक बायकांना होतं, कधी औषधाची मदत लागते, पण आत्ता काळजी साखरेची करा.

तरी घरबसल्याच करायचंय?

करा ना. थायरॉइडची गोळी चालू आहे आणि टीएसएच बघायचंय, डॉक्टरनं चिठ्ठी दिलीय पण लॅबला जायला सुट्टी नाही, अशा वेळी घरपोच सेवेसारखी सोय नाही. फक्त अॅपचं रेटिंग बघून सेवा निवडू नका. अॅप म्हणजे दुकानाची पाटी, स्वयंपाक आत कोण करतंय ते बघायला हवं.

हा स्वस्त पॅकेजचा धंदा बऱ्याच अंशी आपल्या मुंबईतच उभा राहिला. भाभा अणुसंशोधन केंद्रातली नोकरी सोडून ए. वेलुमणी यांनी १९९६ मध्ये थायरोकेअर सुरू केली. देशभरातून नमुने एका मोठ्या लॅबमध्ये आणायचे, रात्रभर मशीन चालवायची आणि संख्या वाढवून दर खाली आणायचे. थायरॉइडची टेस्ट सामान्य माणसाच्या आवाक्यात यायला या पद्धतीची मोठी मदत झाली, हे मान्यच करायला हवं. २०२१ मध्ये ही कंपनी फार्मइझीच्या मालकांनी घेतली. म्हणजे औषधांचं अॅप आणि लॅब आता एका घरात. पण प्रत्येक अॅपची स्वतःची लॅब असतेच असं नाही. काही जण फक्त बुकिंग घेतात आणि नमुना दुसऱ्याकडे पाठवतात. म्हणून पहिला प्रश्न, माझं रक्त कुठल्या लॅबमध्ये तपासलं जाणार?

नाव कळलं की एनएबीएलच्या वेबसाइटवर शोधा. ही मान्यता ऐच्छिक आहे, आणि ती कंपनीला नसते, एकेका लॅबला असते. त्यातही कोणकोणत्या टेस्टसाठी आहे त्याची यादी असते. मुंबईच्या लॅबच्या मान्यतेचा शिक्का तालुक्याच्या कलेक्शन सेंटरच्या बोर्डावर झळकत असेल, तर ‘टेस्ट नक्की कुठे होणार?’ हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. रिपोर्टवर सही कुणाची, हेही बघा. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनंच रिपोर्टवर सही करावी. टेक्निशियनची सही चालणार नाही.

मी तीन ठिकाणी कस्टमर केअरला फोन लावला. प्रश्न एकच, ‘पाळीचा दुसरा दिवस रविवारी आला तर आदल्या रात्री बुकिंग बदलता येईल का?’ एकीनं ‘हो’ म्हणून कसं ते नीट सांगितलं. दुसरीनं ‘चेक करून कॉल बॅक करते’ म्हटलं, तो कॉल अजून यायचाय. तिसरी म्हणाली, ‘मॅडम, हॉर्मोन कधीही दिलं तरी चालतं.’ माझ्यापुरती तिसरी सेवा तिथेच बाद. दोन मिनिटांची ही परीक्षा कुठल्याही रेटिंगपेक्षा बरी.

शहराबाहेर राहत असाल तर आणखी एक गोष्ट. मोरगावचा पिनकोड टाकल्यावर एका अॅपनं हात वर केले, दुसऱ्यानं होकार दिला. होकार देणाऱ्यालाच जास्त प्रश्न विचारायला हवेत, कारण नमुना पुण्यात तपासायचा तर साठ-पासष्ट किलोमीटर जाणार, मुंबईत तपासायचा तर त्याहून कितीतरी लांब. रक्त ट्यूबमध्ये तसंच पडून राहिलं तर त्यातल्या पेशी साखर खात बसतात. तासाला साधारण पाच ते सात टक्के साखर कमी होते. म्हणून साखरेची ट्यूब वेगळी असते, राखाडी झाकणाची. हॉर्मोनसाठी सहसा पिवळ्या झाकणाची जेलवाली ट्यूब असते. तिच्यातलं रक्त गोठलं की ती सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सीरम वेगळं केलं आणि थंड ठेवलं, तर टीएसएच, एफएसएच वगैरे प्रवास छान सोसतात. तेव्हा ‘सेंट्रिफ्यूज कुठे आणि किती तासांत?’ एवढं विचारा. ट्यूबवर तुमच्या नावाचं लेबल तुमच्यासमोरच लागलं पाहिजे. बारामतीत लॅबमध्येच जाऊन रक्त देणं बहिणीला शेवटी सोपं पडलं, ती रोज तिथे जातेच. आणि खिशाला परवडत नसेल तर सरकारी दवाखान्यात आधी चौकशी करा. ‘महालॅब’ या नावानं राज्य सरकारनं एचएलएल लाइफकेअर या केंद्राच्या कंपनीमार्फत २०१७ मध्ये तिथे मोफत तपासण्या सुरू केल्या होत्या.

‘बोटाच्या टोकातून दोन थेंब द्या आणि सगळं जाणून घ्या’ असं कुणी म्हणालं तर? अमेरिकेत थेरानोसनं हेच म्हटलं होतं. २०१५ मध्ये तिथल्या अॅरिझोना राज्यानं डॉक्टरशिवाय स्वतःच टेस्ट मागवायची मुभा देणारा कायदा केला, त्यामागे या कंपनीचाच जोर होता. पुढे मशीनच धड चालत नसल्याचं उघड झालं आणि त्याच राज्यातल्या ग्राहकांचे ४६ लाखांवर डॉलर कंपनीला परत करावे लागले. मालकीणबाई एलिझाबेथ होम्स २०२२ मध्ये दोषी ठरल्या, पण त्या गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल. पेशंटना फसवल्याच्या आरोपांतून त्या सुटल्या. आता बोला!

माहितीचंही बघा. पाळी मोजणाऱ्या ‘फ्लो’ या अॅपनं बायकांची माहिती फेसबुक, गुगलसारख्यांना पुरवल्याचा आरोप झाला आणि २०२१ मध्ये अमेरिकन सरकारी यंत्रणेशी त्यांना तडजोड करावी लागली. आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा झालाय. तरी ‘आमच्या पार्टनर्सकडून ऑफर्स मिळाव्यात’ या चौकटीतली टिक काढायला तो कायदा तुमच्या घरी येणार नाही. ती तुम्हीच काढा.

कारण ऑफर्स येतातच. या लेखासाठी मी माझी स्वतःची एक साधी थायरॉइड टेस्ट मागवली होती. निकाल रेंजमध्ये. तरी दुसऱ्या दिवशी एका गोड आवाजाच्या ‘वेलनेस एक्स्पर्ट’चा फोन आला, ‘मॅम, तुमचा रिपोर्ट बघितला. केसांसाठी आमच्या गमीज घ्या, पुढच्या टेस्टवर डिस्काउंट मिळेल.’ गमीजमध्ये काय आहे, म्हणून विचारलं. बायोटिन. आता हे बायोटिन जास्त डोसमध्ये घेतलं तर काही मशीनवर थायरॉइडचा रिपोर्ट चुकतो. टीएसएच खोटं खाली आणि टी-फोर खोटं वर, म्हणजे थायरॉइड ठीक असलेल्या बाईला थायरॉइड वाढल्यासारखं दिसतं. अमेरिकेच्या एफडीएनं याबद्दल २०१७ मध्येच इशारा दिलाय. तिला म्हटलं, ‘मग पुढच्या टेस्टआधी या गमीज किती दिवस बंद ठेवायच्या?’

‘नाही मॅम,’ ती म्हणाली, ‘कोर्स तीन महिन्यांचा आहे, मध्ये थांबवायचा नाही.’